गिरणगावातली हलगी

मैत्रिणींनो, आपल्या शाहूवाडी तालुक्यात ज्या घरातलं कुणीच कधी मुंबईच्या गिरणीत नव्हतं, असं घर शोधायला जरा फिरावंच लागेल. कुणाचे आजोबा, कुणाचे चुलत सासरे, कुणाचा थोरला दीर. पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन मलकापूर गाठायचं, तिथून कोल्हापूर आणि मग पुढं मुंबई, असा तो रस्ता. भाताच्या कापणीला, गणपतीला नाहीतर चैत्रात जोतिबाच्या यात्रेला माणूस आला तर आला. बाकी वर्षभर मनीऑर्डर. पोस्टमन अंगठा घ्यायचा, नोटा मोजून हातावर ठेवायचा. तीच नवऱ्याची खुशाली!

घरातल्या बाईला मुंबई ठाऊक होती ती एवढीच. आपला माणूस दिवसभर साच्यावर उभा असतो हे तिला कळायचं. पण पाळी सुटल्यावर तो कुणात बसतो, काय ऐकतो, कशानं हसतो, हे कोण सांगणार? तर लालबाग-परळच्या मैदानांत, चाळींच्या चौकांत रात्री जी गर्दी जमायची, त्या गर्दीत हलगी कडाडायची, तुणतुणं वाजायचं आणि एक माणूस आपल्याच बोलीत आपलंच गाऱ्हाणं गायचा. तो माणूस आपल्या शेजारचाच. वारणा ओलांडली की सांगली जिल्हा लागतो. शिराळा मागं टाकून वाळवा तालुक्यात गेलं की वाटेगाव. तिथले तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णा भाऊ साठे.

१ ऑगस्ट १९२० चा त्यांचा जन्म. आईचं नाव वालुबाई. घर मातंग समाजातलं, गावकुसाबाहेरचं. इंग्रज सरकारनं तेव्हा काही जातींच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारून ठेवला होता. आपल्या भागातल्या मांग-रामोशांना त्याचा जाच फार. गावात कुठं चोरी झाली की आधी यांच्या दारात पोलीस. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. आणि गंमत बघा, ज्या हातांवर सरकारचा विश्वास नाही, त्याच हातांशिवाय गावातलं एकही मंगलकार्य पार पडत नव्हतं. लग्नाची वरात असो, देवाची पालखी असो, हलगी वाजवायला मांगच पाहिजे. वाजवायचं मात्र लांब उभं राहून. जेवण वाढणार तेही लांबूनच.

शाळेत अण्णा गेले किती, तर दीड दिवस. हा दीड दिवस महाराष्ट्रात आता इतका प्रसिद्ध आहे की त्यावर वेगळं सांगायला नको. मला मात्र नेहमी वालुबाईंचा विचार येतो. नवरा मुंबईत गोऱ्या साहेबांच्या बागेत माळीकाम करणारा. दुष्काळानं गावात काही शिल्लक ठेवलं नाही, तेव्हा भाऊरावांनी बायको-मुलांना मुंबईला न्यायचं ठरवलं. साल १९३१-३२ च्या सुमाराचं. गाडीभाड्याला पैसा नाही, म्हणून सगळे पायी निघाले. वाटेगाव ते मुंबई म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर! वाटेत मिळेल ते काम करायचं, दोन दिवसांचं पोटाला झालं की पुढं चालायचं. लेकरांना घेऊन, कुठल्यातरी झाडाखाली तीन दगड मांडून चूल पेटवणाऱ्या त्या माउलीचा एकही पोवाडा कुणी लिहिलेला नाही.

मुंबईत भायखळ्याला बिऱ्हाड लागलं. अकरा-बारा वर्षांचं पोर. त्यानं काय नाही केलं? हमाली केली, कोळसा वेचला, फेरीवाल्याच्या मागं गाठोडं घेऊन फिरला, पुढं गिरणीत लागला. आणि या सगळ्या धावपळीत अक्षरं शिकला ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरवरून. एकेक अक्षर जुळवत. आपल्यातल्या कितीतरी आज्या अशाच एस.टी.च्या पाटीवरून गावाचं नाव ओळखायला शिकल्या, नाही का?

आता जरा त्या वेळच्या गिरणगावाकडं बघू, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. घाटावरून आणि कोकणातून आलेली ही हजारो माणसं काही एकेकटी राहत नव्हती. गावाची मिळून एक खोली असायची. दहा बाय बाराच्या त्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाल्यांनी त्याच जागेवर अंथरूण टाकायचं. जेवण खाणावळीत. ही खाणावळ चालवणारी बहुतेक आपल्यासारखीच एखादी बाई, वीस-पंचवीस जणांच्या भाकऱ्या एकटी थापणारी आणि पगार होईपर्यंत उधारी सांभाळणारी. शनिवारी रात्री भजन. कुणाची बारी चांगली यावर पैजा. आखाडा, लेझीम, गणपती, सत्यनारायण. गावच्या देवळाला घंटा पाहिजे, शाळेला पत्रा पाहिजे, तर त्याची वर्गणी याच खोलीत जमायची. गावातून कुणाच्या मयताची तार आली तर सगळी खोली मिळून भाड्याचे पैसे काढून देणार. एवढ्या मोठ्या शहरात माणूस टिकला तो या जमण्यामुळं.

पण यातही एक गोम होती. गाव मुंबईला आलं, तसं गावकूसही आलं. गावकीची खोली ज्याच्या त्याच्या जातीची. गिरणीतसुद्धा कापड विणण्याच्या खात्यात दलितांना घेत नसत, कारण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि विटाळ होईल म्हणून बाकीचे कामगार अडून बसत. म्हणजे एकाच भोंग्यावर धावणारी माणसं, पण संध्याकाळी वेगवेगळ्या कोंडाळ्यात बसणारी.

करमणुकीला तमाशाची थिएटरं होती. पिला हाउसला होती, पुढं लालबागला हनुमान थिएटर नावारूपाला आलं. घर सोडून आलेला गडी तिथं जायचा, ढोलकी ऐकून त्याला गाव आठवायचं. घरच्या बाईमाणसानं मात्र त्या रस्त्यालाही जायचं नाही, अशी रीत.

मधे काही वर्षं अण्णा वाटेगावला परतले. नात्यातल्या बापू साठ्यांचा तमाशाचा फड होता, त्यात शिरले. सोंग वठवणं, वेळेवर जागच्या जागी कवन जुळवणं, गर्दीला हसवता हसवता गप्प करणं, ही सगळी विद्या त्या फडातली. १९४२ ची चळवळ आली. सातारा जिल्हा तेव्हा नुसता पेटला होता. अण्णाही त्यात होते. पकड वॉरंट निघालं आणि पुन्हा मुंबई जवळ करावी लागली.

या वेळी ते आले माटुंग्याच्या लेबर कँपात. महापालिकेच्या सफाई कामगारांची, दलित मजुरांची ती वस्ती. चिखल, गटारं आणि डास. कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते तिथं रात्रीच्या बैठका घ्यायचे. आणि अण्णांनी लिहिलेलं पहिलंवहिलं कवन कशावर असावं? कँपातल्या डासांवर! लोक पोट धरून हसले म्हणतात. हसता हसता त्यांना एवढं कळलं की आपल्या वस्तीतली घाणसुद्धा गाण्याचा विषय होते. मग १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा आला. रशियातल्या एका शहरानं हिटलरला कसं अडवलं, हे वाटेगावच्या माणसानं डफावर सांगितलं आणि परळच्या माणसाला ते समजलं. ही काही लहान गोष्ट नव्हे.

१९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तीन शाहीर. एक अण्णा भाऊ. दुसरे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, ज्यांना सगळा महाराष्ट्र अमर शेख म्हणून ओळखतो. आभाळाला भिडणारा आवाज! तिसरे द. ना. गवाणकर. एक मातंग, एक मुसलमान, एक गवाणकर, आणि मंच एकच. गावात ज्याची हलगी देवळाच्या बाहेर थांबायची, त्याच्या हलगीनं इथं कार्यक्रमाला सुरुवात व्हायची आणि समोर सगळ्या जातींचे कामगार मांडीला मांडी लावून बसलेले. अण्णांचं मोठेपण सांगताना लोक कादंबऱ्यांचे आकडे सांगतात. मला विचाराल तर त्यांचं पहिलं मोठं काम हेच. वेगवेगळ्या खोल्यांतून बसणाऱ्या माणसांना त्यांनी एका मैदानात आणून बसवलं.

आणि दुसरं काम थेट आपल्याशी, बायकांशी, नातं सांगणारं. जुन्या तमाशाची मांडणी ठरलेली असते. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि वग. गवळणीत काय, तर मथुरेला निघालेल्या गवळणींची वाट अडवायची, त्यांची चेष्टा करायची. त्यातली कला मोठी आहे, नाही असं नाही. पण त्या नावाखाली बाईला उघड उघड छेडायची सोयही होती. अण्णांनी ही गवळण काढूनच टाकली. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, शिवरायांना, कष्टकऱ्यांना नमन आलं. नाचीची गरज उरली नाही. वगात राजा-राणीच्या जागी सावकार आला, शेटजी आला, मतं मागणारा पुढारी आला. अकलेची गोष्ट, शेटजींचे इलेक्शन, देशभक्त घोटाळे, ही त्या वगांची नावंच बघा ना! तमाशाचा बाज सगळा तसाच, तीच ढोलकी, तोच हजरजबाबीपणा, पण आता चाळीतली बाई कडेवर पोर घेऊन पुढं येऊन बसली तरी कुणाची मान खाली जायची नाही.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. अश्लीलता हे कारण. लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही बंदी आली, त्याचं कारण वेगळं, हे सांगायला नकोच. अण्णांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आपल्या खेळांना लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं, खेळ चालू राहिला. आज आपण गावच्या यात्रेत लोकनाट्य तमाशा मंडळ असा फलक वाचतो, त्या शब्दाच्या मागं एवढी झटापट आहे.

आता येते ती मैना.

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळावा म्हणून १९५० नंतरच्या दशकात जे आंदोलन पेटलं, त्यात शंभरावर माणसं गोळीबाराला बळी पडली. सभांना लाखांची गर्दी जमायची आणि भाषणं सुरू व्हायच्या आधी शाहीर उभे राहायचे. अण्णांची माझी मैना ही छक्कड त्या काळातली. छक्कड म्हणजे तमाशातल्या लावणीचाच एक प्रकार. एक गडी पोटासाठी मुंबईला निघालाय. बायको गावीच राहिलीय. तिचं रूप, तिचं निघताना गप्प होणं, तिला दागिन्यांचं दिलेलं वचन, हे सगळं तो आठवतोय. मुंबईत आल्यावर त्या वचनाचं काय होतं तेही तो सांगतो. ऐकणारा प्रत्येक गडी मनातल्या मनात आपल्या घराच्या उंबऱ्यापाशी जाऊन पोचलेला. आणि मग अण्णा हळूच सूर फिरवतात. मुंबईत अडकलेला तो गडी म्हणजे महाराष्ट्र होतो, आणि मागं राहिलेली मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी. तिची-माझी ताटातूट कुणी केली, असा सवाल सगळ्या मैदानाला पडतो. राजकारणाचा नकाशा कुणाला कळो न कळो, ताटातूट सगळ्यांना कळत होती!

आपल्या कोल्हापूरकडच्या बायकांना हे लगेच उमजेल. कितीतरी जणींचं माहेर निपाणीकडं, बेळगावकडं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, पण ते माहेर सीमेपलीकडंच राहिलं.

या गाण्यातली बाई कोण, असं मी विचारते तेव्हा मला दोन चेहरे दिसतात. एक आपल्या आजीचा, मनीऑर्डरीची वाट बघणाऱ्या. दुसरा कोंडाबाईंचा. कोंडाबाई म्हणजे अण्णांच्या पहिल्या पत्नी, मधुकरची आई. लग्न लहान वयातलं. पुढं मुंबईत चळवळीच्या कामात अण्णांची जयवंताबाईंशी गाठ पडली आणि त्यांच्याशी त्यांनी दुसरा संसार मांडला. शांता आणि शकुंतला या त्यांच्या मुली. जयवंताबाई स्वतः पक्षाचं काम करणाऱ्या, धडाडीच्या. चरित्रांमधून जयवंताबाईंना थोडी जागा मिळते, कोंडाबाईंच्या वाट्याला मात्र फार ओळी येत नाहीत. लाखोंच्या मैदानाला मागं राहिलेल्या बाईसाठी हळवं करणाऱ्या शाहिराच्या घरातच हे असं होतं. अण्णांवर माया असणाऱ्यांनीसुद्धा हे बघायला हवं, असं मला वाटतं. माया कमी होत नाही त्यानं.

कारण त्यांच्या लेखणीतल्या बायका बघा. अण्णांच्या पस्तीसेक कादंबऱ्या. त्यातल्या कितीतरींची नावंच बाईची आहेत. वैजयंता, चित्रा, चंदन, आवडी. वैजयंता ही तमाशातली कलावंतीण, इज्जतीनं जगू बघणारी. तिच्यावर १९६१ मध्ये चित्रपट निघाला, त्यात जयश्री गडकर होत्या. फकिरा तर सगळ्यांना ठाऊकच आहे. १९५९ ची ती कादंबरी, १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. तिची सुरुवातच होते ती यात्रेवरून. शेजारच्या गावाची जोगणी आपल्या गावात आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला, अशी रीत. फकिराचा बाप राणोजी ती जोगणी आणायला जातो आणि जिवाला मुकतो. मागं उरते ती त्याची बायको राधा. सगळ्या गावाला यात्रा मिळाली, राधाचा नवरा गेला. पुढं दुष्काळ, उपासमार, गोऱ्या सरकारचा जुलूम, त्याविरुद्ध फकिरानं केलेलं बंड, सगळं आहे. वाचली नसेल तर गावच्या वाचनालयात मागून बघा, मिळेल. भाषा आपल्याच वारणाकाठची आहे, अडायला होत नाही.

ही कादंबरी लिहिणारा माणूस राहत कुठं होता? घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. वीसेक वर्षं त्यांनी तिथं काढली. पावसाळ्यात गळणारं छप्पर, शेजारी नळावरची भांडणं, आणि हा माणूस एका कोपऱ्यात बसून लिहितोय. त्यांच्या गोष्टींतल्या झोपडपट्टीतल्या बायका खोट्या वाटत नाहीत त्या यामुळं. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णांनी केलं. तेव्हाही पत्ता चिरागनगरचाच. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसानं त्या प्रवासावर पुस्तकही लिहिलं. तिकडं त्यांची पुस्तकं आधीच पोचली होती. परत आले ते त्याच झोपडीत.

शेवटची वर्षं वाईट गेली. घरात बेबनाव, पैशाची चणचण, व्यसन, ढासळलेली तब्येत. कलापथक केव्हाच पांगलं होतं. पुस्तकं खपत होती, सिनेमे निघत होते, त्यातलं यांच्या हाती फारसं पडत नव्हतं. १९६८ मध्ये गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं. तिथं वर्षभर कसंबसं राहणं झालं. १८ जुलै १९६९ ला अण्णा गेले. वय अवघं ४८. त्यानंतर दीड महिनाही झाला नाही तोच, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. एकाच पावसाळ्यात गिरणगावचे दोन आवाज थांबले. धाकटे भाऊ शंकर यांनी पुढं माझा भाऊ अण्णाभाऊ हे पुस्तक लिहिलं. घरातला अण्णा बघायचा असेल तर ते वाचावं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या बहुतेकांना परत साच्यावर उभं राहता आलं नाही. आपल्याकडच्या किती घरांत तेव्हा ट्रंका आणि वळकट्या कायमच्या परत आल्या! गिरण्यांच्या जागी टॉवर झाले. गावकीच्या काही खोल्या विकल्या गेल्या, काही अजून गावाच्या नावावर आहेत.

अण्णांचा पुतळा सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत उभा राहिला. मुंबईत मात्र त्यांचा दिवस १ ऑगस्टचा. त्या दिवशी वस्त्यावस्त्यांतून मिरवणुका निघतात, मंडप पडतात, हलग्या वाजतात. आपल्या भागातही वाजतात. वाजवणारा आता लांब उभा राहत नाही, तो मिरवणुकीच्या मधोमध असतो, आणि पुढच्या रांगेत नऊवारीतल्या म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरींपर्यंत सगळ्या बायका चालत असतात.